न आलेली देवी

आजारी माणसाला बघायला जाणं हा आमच्या वाडीचा आवडता उद्योग होता. दशावतार वर्षातून एकदाच, जत्रेला. आजारी माणूस मात्र बारा महिने कुठल्या ना कुठल्या घरात हजर. लोक कामं आटोपून, धुतलेला सदरा चढवून निघत, आजाऱ्याच्या उशाशी बसत, त्याचं मनगट हातात घेत आणि अशाच दुखण्याने कोण कोण गेलं ते त्याला तपशीलवार सांगत. लहान असताना मला वाटे, हे लोक मायेपोटी जातात. पुढे हेच लोक आमच्या पडवीत येऊन बसायला लागले तेव्हा कळलं, आपण स्वतः अजून धडधाकट आहोत याची खात्री करून घ्यायला ते येतात.

आजारी पडला तो माझा मोठा भाऊ. मालवणजवळच्या आमच्या किनाऱ्यावर तो तांडेल होता. होडी त्याच्या हुकमाने चाले, जाळं कुठे सोडायचं ते तो पाण्याचा रंग बघून सांगे. घरात आम्ही तिघंच. तो, वहिनी आणि मी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी शाळेत शिकवत होते आणि लग्न केलं नव्हतं, म्हणून वाडीच्या हिशेबी अर्धी वाया गेलेली होते.

एकोणीसशे साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती. एका हंगामात भावाच्या उजव्या हातातून वस्तू निसटू लागल्या. मग सकाळी डोकं दुखू लागलं, मग बोलता बोलता शब्द सापडेनासे झाले. मुंबईला नेलं, तर डोक्यात गाठ. डॉक्टरांनी कवटी उघडून निघाली तेवढी गाठ काढली, उरलेलीला विजेचा, म्हणजे क्ष-किरणांचा, शेक दिला. त्यानंतर इंजेक्शनं सुरू केली. ती तेव्हा नवी होती. डॉक्टरसुद्धा खात्रीने काही बोलत नसत, "बघू या" म्हणत. मला ते आवडलं. आमच्या वाडीत "बघू या" म्हणणारा एकही माणूस नव्हता, सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असे.

पहिली इंजेक्शनं झाल्यावर डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे औषध गाठीला मारतं, तसंच चांगल्या रक्तालाही मारतं. घरी गेल्यावर काही दिवस याच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकद नसेल. दुसऱ्याचं साधं पडसं याला महागात पडेल. गर्दी नको. जवळ येणाऱ्याने हात धुवायचे. पाणी उकळलेलं, जेवण ताजं. तोंड येईल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्या, तिखट देऊ नका. उलटीची गोळी जेवणाआधी, उलटी झाल्यावर नव्हे. तळणाचा वास याच्या नाकाशी जाऊ देऊ नका. आणि पहाटे डोकं ठणकून उलटी झाली, तर ती औषधाची नव्हे, गाठीची. तसाच उचलून आणा."

यातलं एकही काम अवघड नव्हतं. अवघड होती ती आमची माणसं.

परतीची बोट मालवणच्या बंदराबाहेर थांबली. भावाला उतरवून घ्यायला त्याच्याच होडीवरची पोरं पडाव घेऊन आली. जन्मात समुद्रावर ज्याला कधी मळमळलं नव्हतं, तो पडावात बसल्या बसल्या माझ्या पदरात ओकला. पोरांनी माना वळवल्या. भाऊ शरमेने असा लाल झाला की मला पोरांचाच राग आला. माना वळवून ती सगळं बघतच होती. संध्याकाळपर्यंत 'तांडेलाक बोट लागली' ही बातमी वाडीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली होती.

दुसऱ्या दिवसापासून रीघ. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, तोंडाशी, जिथे चिऱ्यांच्या बुटक्या कुंपणाला, गडग्याला, बांबूचं फाटक होतं, तिथे मी पाण्याची बादली, तांब्या आणि साबणाची वडी ठेवली. येणाऱ्याला हात धुवायला सांगितलं, की तो माझ्याकडे असा बघे जणू मी त्याची जात विचारली. "आमचे हात काय घाणेरडे आसत, गो बाय?" असं म्हणून तेच हात भावाच्या टाळूवर, टाक्यांच्या व्रणावर. प्रत्येकाला तो व्रण चाचपून बघायचा असे. कोणी नारळपाणी आणी, कोणी खाजा, कोणी अंगारा. आणि कोणीही लवकर उठत नसे.

या सगळ्यांचे मुकुटमणी आमचे काका. वडिलांचे चुलतभाऊ. मुंबईत गिरणीत काही वर्षं काढून आले होते, त्या भांडवलावर वैद्यकापासून राजकारणापर्यंत सर्व विषयांत नाकाने कांदे सोलत. त्यांना बारमाही खोकला. तो खोकला घेऊन ते भावाच्या चटईवरच बसत, कारण नुसत्या जमिनीवर बसणं त्यांच्या मानाला शोभत नसे. बादलीचा उपयोग त्यांनी एकदाच केला, चुन्याची बोटं धुवायला, तोही निघताना.

काकांनी एक शोध लावला. भावाला होणाऱ्या उलट्या म्हणजे रोगच बाहेर पडतो आहे.

"उलटी अडवू नको, गो," त्यांनी वहिनीला बजावलं. "वायट सगळां भायर पडाक होया. गोळी दिलंस तर तां डोक्यात चढतला."

मी शाळेत असे तेव्हा वहिनी गोळ्या देईनाशी झाली. ती भाबडी, नवऱ्याच्या जिवासाठी कोणीही काहीही सांगितलं तर करणारी. अशा बायकांच्या जिवावरच काकांसारख्यांचं शहाणपण चालतं. शिवाय येणाऱ्यांना चहाबरोबर काही द्यायला हवं म्हणून घरात सतत कढई चढलेली. तेलाचा वास आला, की भाऊ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडे. तोंडात फोड, पोटात काही टिकेना, आणि बाहेर पडवीत भजी खात काका सांगताहेत, बघा, कसा रोग भायर पडता!

पंधरवड्यात भावाला ताप भरला. छातीत कफ झाला. काकांचा खोकला अखेर कोणाच्या तरी उपयोगी पडला होता.

पुढच्या इंजेक्शनाची तारीख टळली. ताप उतरल्यावर मुंबईला नेलं तेव्हा भावाच्या अंगावर हाडांवरची कातडी तेवढी शिल्लक होती. डॉक्टरांनी अर्ध्या मात्रेने इंजेक्शनं दिली आणि मला बाहेर बोलावलं. "पुढच्या वेळी हा असाच आला, तर मी औषध देणार नाही. गाठीआधी ते औषधच त्याला संपवेल. आणि औषध थांबलं, तर गाठ थांबणार नाही. आता तुम्ही ठरवा." मी काय ठरवणार होते? ठरवणारे पडवीत बसलेले होते.

घरी परतल्यावर मी एकेकाला हात जोडून सांगितलं, घसा कोरडा केला. डॉक्टर म्हणतात म्हणून सांगितलं. लोक मान डोलावत आणि पायरी चढत. डॉक्टर मुंबईचा, त्याला आमच्या रीतीभातीचं काय कळतं? आजाऱ्याच्या दारावरून कोणी परत जातं का? काका तर म्हणाले, "डॉक्टर परको, आम्ही घरचे."

त्याच सुमारास शाळेतून येताना मी काकांना रस्त्यात पाहिलं. पुढे एका घराच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधलेले होते. त्या घरात मुलाला कांजिण्या आल्या होत्या, म्हणजे आमच्या भाषेत देवी आली होती. डहाळे दिसताच काका थबकले, वहाणा काढून हातात घेतल्या, घराच्या दिशेने हात जोडले आणि पलीकडच्या चिखलातून, धोतर वर धरून, लांबचा वळसा घालून गेले. मुंबईच्या डॉक्टरसाठी चटईवरून बूड न हलवणारा माणूस चार पानांसाठी गुडघाभर चिखलात उतरला होता. मी रस्त्यातच उभी राहून हसले. आणि मग हसू थांबलं, कारण मला दिसलं की मला हवं ते सगळं त्या दारावर टांगलेलं आहे.

देवी आलेल्या घरात बाहेरचा माणूस पाऊल टाकत नाही. तिथे फोडणी देत नाहीत, तळत नाहीत. तिखट नाही, मासळी नाही. आजाऱ्याला मऊ, निवलेलं अन्न. आल्यागेल्याने हात-पाय धुवायचे, मोठ्याने बोलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आमच्या लोकांना पूर्वापार पाठ होतं. ते फक्त माणसाने सांगितलेलं त्यांना चालत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मला कांजिण्या आल्या.

शाळेत रजा कळवली आणि दाराला डहाळे बांधले. वहिनी सुरुवातीला डहाळ्यांना हात लावीना. "देवीच्या नावान खोटा बोलतंस? ती खरीच येयत गो!" मी म्हटलं, आली तर तिला बसायला पाट देऊ, पण काका नकोत. तेव्हा वहिनी पहिल्यांदाच तोंडाला पदर लावून हसली. काकांच्या भज्यांसाठी चुलीपुढे उभं राहून तीही थकली होतीच.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत. फाटकापाशी पावलं येत, डहाळे बघून थांबत, परत जात. घरात तेलाचा वास नाही. जेवणाआधी गोळी, मग अर्ध्या तासाने सरसरीत पेज, नारळाचा रस, कधी डाळीचं पाणी. एकदम वाटीभर नाही, चार चार घास, थोड्या थोड्या वेळाने. अंडी मात्र मी चोरून पेजेच्या पातेल्यात उकडत असे. देवीने पाहिलं असेल, पण ती वाडीपेक्षा समजूतदार निघाली. गुळण्या मी त्याच्यासमोर उभी राहून करवून घेई. तोंडातले फोड बसले. उलट्या अगदी गेल्या नाहीत, पण उतरणीला लागल्या. भावाच्या गालावर जरा मांस दिसू लागलं. केस सगळे गेले होते, म्हणून वहिनीने त्याला जुन्या साडीची मऊ टोपी शिवून दिली.

एकच गोष्ट खुपत होती. संध्याकाळी भाऊ ती टोपी नीट घालून पडवीत बसे, तोंड फाटकाकडे. "आज कोण इलो नाय?" मी त्याला सगळं सांगे. डॉक्टर काय म्हणाले, डहाळे का बांधले. तो मान हलवी, हसेसुद्धा. गाठीने त्याची स्मरणशक्ती अशी पोखरली होती, की दुसऱ्या दिवशी तो तितक्याच उत्सुकतेने पुन्हा तिथे बसे. "आज कोण इलो नाय?" मला ते विचारणं ऐकवत नसे, आणि मी वैतागून म्हणे, बरंच झालं नाही आले ते.

ठरल्या तारखेला आम्ही मुंबईत हजर होतो, ताप नाही, काही नाही. डॉक्टरांचा चेहरा खुलला. त्यांनी भावाला सहज विचारलं, "काय तांडेल, घरी सगळं ठीक?"

भावाच्या पोटात आता काही राहत नसे, ना गुपित ना थाप. तो अभिमानाने म्हणाला, "आमच्या घराक देवी इल्ली. हिका कांजिण्यो झाल्यो."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. नर्सला हाक मारून आम्हाला इतर रोग्यांपासून दूर, व्हरांड्याच्या टोकाला नेऊन उभं केलं. "या औषधावरच्या माणसाजवळ कांजिण्या? तुम्ही शिकलेल्या बाई ना? हे दुखणं त्याला झालं तर तो मरेल, कळतं का? आता तीन आठवडे इंजेक्शन नाही!"

ज्या थापेने त्याला उभं केलं होतं, तीच त्याच्या आणि औषधाच्या मध्ये येऊन बसली. भर व्हरांड्यात मी सगळं सांगून टाकलं. काका, भजी, चिखल, डहाळे. डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, हात उजेडात धरून पाहिले, कपाळ पाहिलं, मान पाहिली. कांजिण्यांचा एक डाग नाही. मग त्यांनी माझा हात सोडला. शेवटी म्हणाले, "परत असं खोटं बोलायचं झालं, तर निदान मला आधी कळवा." त्यांनी रक्त तपासलं. ते चांगलं निघालं. पूर्ण मात्रेचं औषध द्यायचं ठरलं, आणि मी मनातल्या मनात अख्ख्या वाडीला वाकुल्या दाखवल्या.

तेवढ्यात डॉक्टर भावाला म्हणाले, "मग घरी बरं वाटलं ना?"

"बरां वाटला," भाऊ म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, "पण डॉक्टर, आमच्या वाडीत आता कोण उरूक नाय. सगळे गेले. नायतर कोण तरी इला असता."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतके दिवस पडवीत बसून तो मेलेल्या वाडीची वाट बघत होता, आणि रोज मी म्हणत होते, बरंच झालं. मला त्याच्याकडे बघवेना. वाकुल्या जिथल्या तिथे राहिल्या.

परत आल्यावर मी डहाळे बांधले नाहीत. पण काकांना चटईही दिली नाही. गडग्याशी जाऊन जाहीर करून टाकलं. यायचं त्याने यावं, पण चिऱ्याच्या पलीकडे उभं राहायचं. आत पाऊल टाकणाऱ्याच्या घरी मी जन्मात जाणार नाही. काही आणलंत तर आधी बादलीत हात धुवायचे आणि वस्तू गडग्यावर ठेवायची. ज्याला खोकला असेल त्याने तोंडावर पंचा धरायचा. लोक म्हणाले, मास्तरणीचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं. भाऊ पडवीत बसणार होता, लोकांना तो दिसणार होता, आणि फुकटचा तमाशा सोडून देण्याची आमच्या वाडीची रीत नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी गडगा भरला. काका सर्वांत पुढे, तोंडावर पंचा धरून, आणि पंच्याच्या आतून आपलं ज्ञान ओरडून सांगत होते, कोणाला एक शब्द कळत नव्हता. होडीवरची पोरं ओरडून मासळीचे भाव सांगत होती. कोणी तरी खडकात जाळं फाटल्याचं सांगितलं आणि भाऊ पडवीतून ताडकन ओरडला, "खडपाकडे कित्याक गेलास रे, मेल्यांनू? आंधळे झालास?" सगळा गडगा हसला. भाऊही हसला, टोपी खाली पडेपर्यंत हसला. एकीने हात धुऊन गडग्यावर मुडदुशा ठेवल्या, मऊ मासळी, आजाऱ्याला देतात ती. इंजेक्शनांपासून त्याला मासळीचा वास सोसत नव्हता. त्या संध्याकाळी त्याने त्या मागून घेतल्या, नुसत्या मिठात उकडायला लावल्या, आणि पेजेची वाटी रिकामी करून पुढे धरली.

मला संताप आला. महिनाभर मी घासाघासाला त्याच्यापुढे बसून होते, देवीशी खोटं बोलले होते, डॉक्टरची बोलणी खाल्ली होती. आणि वाटी रिकामी केली कोणी, तर या अडाण्यांनी, पलीकडे उभं राहून आरडाओरड करून. अजूनही तो संताप पुरता गेलेला नाही.

गाठ गेली नाही. ती जाणार नव्हतीच, डॉक्टरांनी तसं कधी सांगितलंही नव्हतं. पण ठरलेली सगळी इंजेक्शनं त्याने घेतली, मध्ये एकदाही ताप येऊ न देता. पुढचा सबंध हंगाम तो पडवीतून होडी चालवत होता. जाळं कुठे सोडायचं ते तो ओरडून सांगे, आणि चुकीचं सांगितलं तरी पोरं मान डोलावून "व्हय, दादा" म्हणत. वाडी मेली आहे असं त्याला पुन्हा वाटलं नाही.

शिमग्याच्या आधी एका सकाळी तो गेला. वहिनीने हंबरडा फोडला. आमच्याकडे असा आवाज ऐकला की लोक हातातलं टाकून धावत येतात, दार विचारत नाहीत, थेट आत शिरतात. मी बाहेर आले तर खळं रिकामं. वाटलं, कोणाला ऐकूच गेलं नाही.

मग वर बघितलं. सगळी वाडी गडग्यापलीकडे उभी होती. बायका, होडीवरची पोरं, म्हातारे. काका पुढे, तोंडावर पंचा. एकानेही पाऊल आत टाकलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"बाय," काकांनी पंचा जरासा खाली केला, "आता इलंव तर चलात मा?"

मी फाटकाशी गेले आणि बांबू बाजूला केला.

"येवा भितुर," मी म्हटलं. "आता तेका कोणाचा काय लागणा नाय."

तरी ते लगेच आत आले नाहीत. बादली अजून तिथेच होती. एकेकाने वाकून हात धुतले, काकांनी साबण लावून, कोपरापर्यंत, आणि मगच आत आले.